मेगनचा कायदा आणि आपले दवाखाने

२०१६ मध्ये आम्ही उभयता सहा महिन्यांसाठी मुलीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. आपल्या मंडळातील कित्येक ज्येष्ठ सभासदांचा हा आता नेमच झालेला असल्याने त्या वास्तव्याचे वर्णन करून मी वाचकांचा अंत पाहणार नाही. एकच प्रसंग सांगतो. मुलगी आणि जावई एडिसनमध्ये नवे घर भाड्याने घेण्याच्या विचारात होते. शाळा कशी आहे, ओक ट्री रोडवरचे किराणा दुकान किती दूर आहे, स्टेशनला पोहोचायला किती वेळ लागतो, ही सर्व चौकशी माझ्या परिचयाची होती. करारावर सही करण्याच्या आदल्या रात्री मात्र जावयाने संगणकावर राज्य पोलिसांचे संकेतस्थळ उघडले, नव्या घराचा पत्ता त्यात भरला, आणि त्या परिसरात राहणाऱ्या नोंदणीकृत लैंगिक गुन्हेगारांची यादी आमच्यासमोर आली. प्रत्येकाचे छायाचित्र, नाव, जन्मतारीख, उंची, वजन, राहता पत्ता, मोटारीचा क्रमांक, आणि ज्या गुन्ह्यासाठी शिक्षा झाली त्याची दोन ओळींची हकीकत. “बाबा, इथे सगळेच बघतात हे,” जावई म्हणाला, “शाळेचं बघतो तसंच.”

घर घेतले. पुढे काही दिवसांनी सार्वजनिक वाचनालयात वर्तमानपत्र चाळत असताना समोरच्या खुर्चीवर त्या यादीतला एक चेहरा बसलेला दिसला. साठीच्या घरातला, कृश, गळाबंद स्वेटर घातलेला माणूस. त्याने मान लववून अभिवादन केले, मीही केले. घरी येऊन मी कोणाजवळ काही बोललो नाही, आणि माझ्या चार वर्षांच्या नातीला त्या वाचनालयात पुन्हा घेऊन गेलो नाही. बालरोगतज्ज्ञ म्हणून चाळीस वर्षे काढलेल्या माणसाला त्या यादीने काय दिले आणि काय दिले नाही, हा विचार तेव्हापासून मनात घोळत आहे. संपादकांनी या वर्षीच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा तोच मांडावा असे ठरवले.

ज्या घटनेमुळे ही यादी जनतेला खुली झाली, तिचे ठिकाण एडिसनपासून मोटारीने पाऊण तासाच्या अंतरावर आहे. हॅमिल्टन टाउनशिप हे न्यू जर्सीतील एक साधे, मध्यमवर्गीय गाव. २९ जुलै १९९४ रोजी तेथील मेगन कांका ही सात वर्षांची मुलगी घरासमोरून नाहीशी झाली. रस्त्याच्या पलीकडे राहणाऱ्या माणसाने कुत्र्याचे पिल्लू दाखवतो असे सांगून तिला घरात नेले, तिच्यावर अत्याचार केला आणि तिचा जीव घेतला. लहान मुलींवरील हल्ल्यांसाठी या माणसाला आधी दोनदा शिक्षा झालेली होती. अशा गुन्हेगारांना उपचारासह कैदेत ठेवणारी एक संस्था ॲव्हेनेल येथे आहे. आपली मंडळी ज्या ओक ट्री रोडवर भाजी आणि मिठाई घ्यायला जातात, तेथून ती जेमतेम काही मैलांवर. त्याने तेथे सुमारे सहा वर्षे काढली होती. त्याच्याबरोबर त्या घरात राहणारे दुसरे दोघेही ॲव्हेनेलहूनच आलेले होते. गल्लीतील एकाही आईबापाला याची गंधवार्ता नव्हती.

समोर कोण राहते हे आम्हाला ठाऊक असते तर मेगनला आम्ही त्या अंगणाकडे फिरकूही दिले नसते, हे तिच्या आईवडिलांचे म्हणणे होते. त्यांनी लक्षावधी सह्या गोळा केल्या. सुमारे तीन महिन्यांत, ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी, न्यू जर्सीच्या गव्हर्नरांची त्या कायद्यावर सही झाली. १७ मे १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ‘मेगनचा कायदा’ देशभर लागू केला. गुन्हेगारांची पोलिसांकडील नोंदवही त्याआधीही होती. कॅलिफोर्नियाने ती १९४७ मध्येच सुरू केली होती, आणि १९९४ च्या एका केंद्रीय कायद्याने ती सर्व राज्यांना आवश्यक ठरली होती. मेगनच्या कायद्याने नवे काय केले असेल तर ती वही शेजाऱ्यांपुढे उघडली. ज्या घरात हे घडले ते पाडून तिथे आता एक छोटी बाग केलेली आहे.

कांका दांपत्याच्या म्हणण्याला उत्तर नाही. मी स्वतः नातीला वाचनालयात नेणे बंद केले, तेव्हा उत्तर देण्याचा अधिकारही माझ्याकडे फारसा उरत नाही. तरीही पुढचा इतिहास सांगितला पाहिजे.

न्यू जर्सीचा कायदा ऐकून वाटतो तितका सरसकट नव्हता. गुन्हेगाराने पुन्हा गुन्हा करण्याचा धोका किती, यावरून त्याच्या तीन श्रेणी केल्या होत्या. धोका कमी असेल तर माहिती फक्त पोलिसांकडे राहायची, मध्यम असेल तर शाळा व मुलांच्या संस्थांना कळवायची, आणि अधिक असेल तरच पोलीस शेजारच्या घरोघरी जाऊन सांगायचे. श्रेणीला हरकत घ्यायची असेल तर न्यायाधीशापुढे जाण्याची सोय होती. आपण अपघात विभागात रुग्णांची वर्गवारी करतो त्यासारखीच ही पद्धत, आणि ती मला विवेकाची वाटते. पुढे नोव्हेंबर २००० मध्ये मतदारांचा कौल घेऊन राज्यघटनेत दुरुस्ती झाली आणि यादी संगणकावर आली. पोलीस दारात येऊन समजावून सांगणे निराळे, आणि मध्यरात्री कोणीही कोणाचाही पत्ता काढणे निराळे. इतर अनेक राज्यांनी तर धोक्याचा विचार न करता केवळ गुन्ह्याचे नाव पाहून सर्वांनाच यादीत घातले. आज संपूर्ण अमेरिकेत साडेसात लाखांहून अधिक माणसे अशा नोंदींत आहेत.

न्यू जर्सीच्या कायद्यातील एक कलम मात्र मला फार बोलके वाटते. मध्यम धोक्याच्या श्रेणीतील गुन्हेगाराचा एकमेव गुन्हा घरातल्याच, रक्ताच्या नात्यातल्या मुलाविरुद्ध असेल, तर त्याचे नाव साधारणतः संकेतस्थळावर टाकले जात नाही. कारण उघड आहे. बापाचे नाव जाहीर केले की त्याची मुलगी कोण हे शेजाऱ्यांना विचारावे लागत नाही. म्हणजे ज्या कायद्याने पडदा दूर करायचा, त्यालाच घराच्या उंबरठ्याशी तो पुन्हा ओढून घ्यावा लागला.

असे उंबरठ्याआडचे गुन्हे किती, हे अमेरिकेच्याच न्याय खात्याने २००० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात आहे. पोलिसांकडे नोंदलेल्या, अल्पवयीन मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांत अनोळखी माणूस अवघा ७ टक्के होता. ३४ टक्के गुन्हेगार कुटुंबातले होते, ५९ टक्के ओळखीचे. सहा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत जवळजवळ निम्मे कुटुंबातलेच. आपल्याकडे महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी केली. तीत ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले, आणि छळणाऱ्यांपैकी निम्मे त्यांच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. छळ सोसणाऱ्यांत मुलींपेक्षा मुलगे किंचित अधिक होते, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना आजही खरी वाटत नाही.

माझे बालपण इंदूरच्या रामबागेतील एका वाड्यात गेले. त्या वाड्यातही एक यादी होती, फक्त ती कागदावर नव्हती. चौकापलीकडच्या अमुक आजोबांकडे पेपर आणायला एकटीने जायचे नाही, वरच्या बिऱ्हाडातले पाहुणे मामा उन्हाळ्यात मुक्कामाला आले की मुलींनी गच्चीवर झोपायचे नाही, असे निरोप बायका आपसांत विहिरीवर आणि हळदीकुंकवाला देत. मुलग्यांना तर कोणीच काही सांगत नसे. त्या आजोबांना गणेशोत्सवात आरतीचा पहिला मान होता. आज विचार करतो तेव्हा वाटते, सावध करण्याचे काम आमचा वाडाही करीत होता. थांबवण्याचे काम मात्र कोणाकडेच सोपवलेले नव्हते.

खुल्या यादीने अमेरिकेत हे थांबवण्याचे काम केले काय? २००८ मध्ये न्यू जर्सीतील संशोधकांनी खुद्द मेगनच्या राज्यातील आधीची आणि नंतरची वर्षे तपासली. शिक्षा भोगून आलेल्यांनी पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण किंवा बळींची संख्या कायद्यामुळे घटल्याचे त्यांना दिसले नाही. खर्च मात्र वर्षानुवर्षे वाढत गेला होता. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याचा अभ्यास आला. लैंगिक गुन्ह्यांसाठी झालेल्या अटकांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक अटका अशा माणसांच्या होत्या, ज्यांना त्या प्रकारच्या गुन्ह्याची पूर्वी शिक्षाच झालेली नव्हती. जो यादीत नाही त्याला यादी कशी ओळखणार? २०११ मध्ये प्रेस्कॉट आणि रॉकॉफ या दोन संशोधकांनी अनेक राज्यांची आकडेवारी एकत्र तपासून अधिक बारीक निष्कर्ष काढला. पोलिसांकडे नोंद असण्याचा उपयोग होतो, विशेषतः गुन्हेगाराच्या परिचयातील मुलांना. नाव चव्हाट्यावर आणण्याच्या भीतीने काही नवखे माणूस बिचकतातही. परंतु ज्यांची नावे जाहीर झाली त्यांच्याकडून पुन्हा गुन्हा घडण्याची शक्यता त्यामुळे वाढते असेही त्यांना आढळले. नोकरी नाही, घर नाही, नातलग विचारीत नाहीत, अशा माणसाजवळ गमावण्यासारखे काय राहते, हे व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या आपल्या मनोविकारतज्ज्ञ मित्रांना सांगायला नको.

या संदर्भात एका आकड्याची कथा सांगण्याजोगी आहे. उपचार न घेतलेले लैंगिक गुन्हेगार ८० टक्क्यांपर्यंत पुन्हा गुन्हा करतात, असे वाक्य अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या एका निकालपत्रात आले आणि तेथून ते असंख्य निकालांत व भाषणांत पसरले. २०१५ मध्ये दोन अभ्यासकांनी त्याचा माग काढला, तेव्हा मुळाशी १९८६ मधल्या एका लोकप्रिय मासिकातील लेख सापडला. त्या लेखात विधान होते, आकडेवारी नव्हती. न्याय खात्याच्या स्वतःच्या पाहणीत, २००५ मध्ये तीस राज्यांतून सुटलेल्या अशा कैद्यांपैकी नऊ वर्षांत ७.७ टक्क्यांना पुन्हा लैंगिक गुन्ह्यासाठी अटक झाली होती. पोलिसांपर्यंत न पोहोचणारे गुन्हे यात येत नाहीत, म्हणून खरे प्रमाण याहून अधिक असणार. तरी ८० आणि ७.७ यांत फार अंतर आहे. वैद्यकीय परिषदेत कोणी असा संदर्भ दिला असता तर आपण त्याला व्यासपीठावरून खाली उतरवले असते.

यादीचे दुष्परिणामही नोंदले गेले आहेत. फ्लोरिडातील मायामी परगण्यात शाळांपासून २,५०० फुटांच्या आत अशा माणसांनी राहू नये असा नियम झाला. मोजमाप केल्यावर राहण्यास जागाच उरेना, तेव्हा २००७ ते २०१० या काळात समुद्राच्या खाडीवरील ज्युलिया टटल पुलाखाली तंबूंची वसाहत उभी राहिली, आणि सरकारी कागदांवर काहींचा पत्ता तो पूल असाच लागला. २००६ मध्ये मेन राज्यात कॅनडातून आलेल्या एका तरुणाने संकेतस्थळावरून पत्ते काढून दोन माणसांना त्यांच्या घरी गोळ्या घातल्या. त्यांतील धाकटा चोविशीचा होता. एकोणीस वर्षांचा असताना, सोळावे पुरे व्हायला थोडे दिवस बाकी असलेल्या आपल्या मैत्रिणीशी संबंध ठेवल्याबद्दल तो यादीत आला होता.

आपल्या व्यवसायाशी थेट भिडणारी घटना मात्र ब्रिटनमधली आहे. जुलै २००० मध्ये सेरा पेन या आठ वर्षांच्या मुलीची हत्या झाली. एका रविवारच्या वर्तमानपत्राने तिचा कैवार घेऊन गुन्हेगारांची नावे व छायाचित्रे छापण्याची मोहीम उघडली. पोर्ट्समथच्या एका वसाहतीत जमाव रोज रात्री घरांपुढे जमू लागला, आणि ज्यांचा काही संबंध नव्हता अशा कुटुंबांनाही घर सोडावे लागले. त्याच ऑगस्टमध्ये वेल्समधील न्यूपोर्ट येथे एक बालरोगतज्ज्ञ महिला इस्पितळातून घरी परतली, तेव्हा तिच्या दारावर रंगाने ‘पीडो’ असे लिहिलेले होते. पीडिअॅट्रिशियन आणि पीडोफाइल या दोन शब्दांतला फरक लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हता. तिने ते घर सोडले. इंग्लंड हा सुशिक्षितांचा देश मानला जातो.

ब्रिटनने यातून निराळी वाट काढली, हे मात्र सांगितलेच पाहिजे. २००८ मध्ये चार पोलीस विभागांत प्रयोग करून २०११ पर्यंत इंग्लंड व वेल्समध्ये सर्वत्र लागू केलेली योजना ‘सेराचा कायदा’ या नावाने ओळखली जाते. तेथे यादी कोणालाही पाहता येत नाही. माझ्या मुलाच्या सहवासात अमुक माणूस आहे, त्याच्याविषयी काही आहे का, असा प्रश्न पालक पोलिसांना विचारू शकतो. धोका दिसला तर पोलीस ते सांगतात, तेही मुलाचे रक्षण करू शकेल अशाच व्यक्तीला, आणि ती माहिती पुढे पसरवायची नाही या अटीवर. आईचा नवा मित्र, शिकवणीचा मास्तर, क्रीडाशिक्षक यांच्याविषयीची शंका या पद्धतीत बसते. अमेरिकेच्या नकाशात ती बसत नाही, कारण तेथे पत्ता विचारायचा असतो, नाते नव्हे.

तिसरी वाट कॅनडाची. योगायोग असा की तिचाही आरंभ १९९४ च्याच उन्हाळ्यात आणि हॅमिल्टन नावाच्याच गावी, पण ऑन्टारिओ प्रांतातल्या. मुलांवरील अत्याचारासाठी वारंवार शिक्षा झालेला एक माणूस संपूर्ण मुदत भोगून सुटला. मुदत पुरी झाल्यामुळे त्याच्यावर कोणाची देखरेख नव्हती. गावात निदर्शने सुरू झाली. तेव्हा त्याला ओळखणाऱ्या मेनोनाइट पंथाच्या एका धर्मगुरूने आपल्या मंडळीतील चार-पाच स्वयंसेवकांना एकत्र केले. त्यांनी रोज त्याला भेटायचे, घर व काम शोधून द्यायचे, आणि तो खेळाच्या मैदानाजवळ का थांबला होता हे तोंडावर विचारायचे. मृत्यूपर्यंत त्याच्याकडून पुन्हा तसा गुन्हा घडला नाही. पुढे अशी ‘मंडळे’ कॅनडात व ब्रिटनमध्ये अनेक ठिकाणी निघाली. मंडळात असलेल्यांचे पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच कमी असल्याचे तुलनात्मक अभ्यासांत दिसले आहे, आणि मिनेसोटा राज्याने तर आपण औषधांच्या घेतो तशी यादृच्छिक चाचणी घेऊन तीच दिशा पाहिली. हे काम कोणाला आवडणारे नाही. मला जमले असते असे मी म्हणणार नाही. वाचनालयातल्या माणसाशी मी दुसरा शब्द बोललो नाही.

मिनेसोटाचे नाव निघाले म्हणून सांगतो. १९९४ च्या ज्या केंद्रीय कायद्याचा मी वर उल्लेख केला, तो तेथील जेकब वेटरलिंग या अकरा वर्षांच्या मुलाच्या नावाचा. २२ ऑक्टोबर १९८९ रोजी सायकलवरून घरी येत असता त्याला एका माणसाने पळवले. त्याच्या आईने, पॅटी वेटरलिंग यांनी, नोंदणीचा कायदा व्हावा म्हणून जिवाचे रान केले. आम्ही एडिसनमध्ये असतानाच, सप्टेंबर २०१६ मध्ये, सत्तावीस वर्षांनी जेकबचे अवशेष सापडल्याची बातमी दूरचित्रवाणीवर आली. गुन्हा कबूल करणाऱ्या माणसाची पोलिसांनी सुरुवातीलाच चौकशी केली होती, परंतु लैंगिक गुन्ह्याची शिक्षा त्याला कधीच झालेली नसल्याने त्याचे नाव अशा कोणत्याही नोंदवहीत येण्याचे कारण नव्हते. पॅटीबाई मात्र त्याआधीच कित्येक वर्षे सांगत होत्या की या याद्या भलत्याच फुगल्या आहेत, किशोरवयीन मुलांनाही त्यांत कोंबले आहे, आणि सुधारू पाहणाऱ्याला त्या परत येऊ देत नाहीत. ज्या आईच्या मुलाचे नाव कायद्याला आहे तिने हे म्हणावे, याला माझ्या लेखी मोठे मोल आहे.

भारताने २० सप्टेंबर २०१८ रोजी लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली, तेव्हा तीत ४ लाख ४० हजारांवर नोंदी होत्या. ती पोलीस व तपास यंत्रणांनाच पाहता येते, सामान्य जनतेला नाही. एखादे भयंकर प्रकरण घडले की ती खुली करा अशी मागणी होते, आणि ती करणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण आपल्याकडे पोक्सोखाली काय येते तेही पाहावे. आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगाल या राज्यांतील २०१६ ते २०२० मधील ७,०६४ निकाल तपासणाऱ्या अभ्यासात जवळपास चौथा हिस्सा प्रेमप्रकरणांचा निघाला. पळून गेलेली सतरा वर्षांची मुलगी, वीस वर्षांचा मुलगा, आणि मुलीच्या वडिलांची फिर्याद. आपल्या गल्लीत ही यादी लागली तर मेन राज्यातला तो चोविशीचा तरुण आपल्याकडे किती घरांत निघेल?

आणि उरलेल्यांचे काय? त्यासाठी मला स्वतःच्या दवाखान्यातले एक प्रकरण सांगावे लागेल. १९९३ साल असेल. नऊ वर्षांची मुलगी दीड महिन्यात तिसऱ्यांदा लघवीच्या जळजळीसाठी आली. पूर्वी नसलेले अंथरूण ओले करणे सुरू झाले होते. तपासणीत जे दिसले ते मूत्रमार्गाच्या साध्या जंतुसंसर्गाचे नव्हते. मी आईकडे पाहिले. तिने मुलीला बाहेर बसवले आणि दार लोटून म्हणाली, “डॉक्टरसाहेब, घरातलीच गोष्ट आहे. धाकटे दीर आहेत. बोभाटा झाला तर आम्हाला घराबाहेर काढतील.” मी प्रतिजैविक लिहून दिले आणि मुलीला काही दिवस आजोळी पाठवण्याचा सल्ला दिला. केसपेपरवर मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग एवढेच लिहिले. तेव्हा पोलिसांना कळवण्याची कायद्याने सक्ती नव्हती, हे खरे. पण रामबागेतल्या बायका विहिरीवर जे करीत होत्या, त्यापेक्षा निराळे मी काय केले? ती मुलगी पुन्हा आली नाही.

त्या दिरांचे नाव, पत्ता आणि छायाचित्र उद्या शहरभर दिसणार आहे असे त्या आईला ठाऊक असते, तर ती मला तेवढेही बोलली नसती. खुल्या यादीविरुद्धचा माझा मुख्य आक्षेप हा आहे, गुन्हेगाराविषयीची दया नव्हे. कळवणारा घरातलाच असतो, आणि नाव सगळ्या घराचे जाते.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून पोक्सो कायदा अमलात आला आणि आपली जबाबदारी स्पष्ट झाली. कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले, किंवा घडेल अशी भीती वाटली, त्याने स्थानिक पोलिसांना अथवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलेच पाहिजे. डॉक्टर व रुग्ण यांच्यातील गोपनीयता येथे आड येत नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. सद्भावनेने कळवणाऱ्यावर मात्र दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. मुलाची ओळख जाहीर होऊ नये याचीही कायदा काळजी घेतो. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्याच्या एका वसतिगृहातील आदिवासी मुलींच्या प्रकरणात, त्यांच्यावर उपचारासाठी नेमलेल्या डॉक्टरवरील न कळवल्याचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करणे चूक ठरवले. डॉक्टर दोषी की निर्दोष हे खटल्यात ठरेल, पण माहिती असून गप्प राहणे हा गंभीर गुन्हा आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. परस्परसंमतीने संबंध आलेल्या अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताबाबत, मुलीने व पालकांनी विनंती केल्यास पोलिसांना कळवताना तिचे नाव उघड न करण्याची मुभा त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने दिली आहे. हे दोन्ही निकाल आपल्या प्रत्येक सभासदाने वाचून ठेवावेत.

माझा दवाखाना आता सून पाहते. तपासणीच्या टेबलावरच्या काचेखाली तिने १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक, विशेष बाल पोलीस पथकाचा दूरध्वनी आणि जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचा पत्ता लावून ठेवला आहे. गेल्या वर्षी तिला दोनदा कळवावे लागले. पहिल्या वेळी मुलाच्या वडिलांनी तिचे आभार मानले. दुसऱ्या वेळी त्या कुटुंबाने आमच्या दवाखान्याची पायरी सोडली, आणि त्यांच्या नात्यातली आणखी तीन घरे दुसरीकडे जाऊ लागली. एकट्या डॉक्टरने हे सोसणे अवघड आहे, विशेषतः लहान वस्तीत, जेथे रुग्ण, शेजारी आणि भिशीतले सभासद एकच असतात. शिवाय कलम २७ प्रमाणे मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची आहे, आणि गुन्हा नोंदवला जाईपर्यंत उपचारासाठी थांबायचे नाही. आपल्या मंडळात अकरा महिला सभासद आहेत. त्यांच्यापैकी ज्यांची तयारी असेल त्यांची नावे, वार आणि वेळा निश्चित करून तो तक्ता सर्व सभासदांकडे द्यावा, आणि कळवण्याचे पत्र मंडळाच्या दोन पदाधिकाऱ्यांच्या सहीनेही जाऊ शकेल का याचा सल्ला वकिलांकडून घ्यावा, असा प्रस्ताव मी येत्या वार्षिक सभेपुढे ठेवणार आहे. सुनेने तक्त्यात आपले नाव सोमवार आणि गुरुवार संध्याकाळसाठी आताच लिहून दिले आहे.